मरतूक: नवा बर्ड फ्लू नेमका कुठे तयार होतो?

(हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय एका मेसेजमुळे निघाला. जानेवारी २०२५ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातली बातमी तुम्ही वाचली असेल. तिथले तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबरच्या शेवटी मेले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं: एच५एन१. म्हणजे बर्ड फ्लू. त्या दिवसांत एका श्रोत्याने विचारलं, "दादा, हा कोंबड्यांचा आजार ना? मग वाघ कसे मेले? आणि दर दोन-चार वर्षांनी टीव्हीवर 'नवीन स्ट्रेन, नवीन स्ट्रेन' करतात, ती बनते तरी कुठे?"

प्रश्न एकदम सरळ आहे, पण उत्तराला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात इटली आहे, अमेरिका आहे, हाँगकाँग आहे आणि आपलं नवापूर पण आहे. मेळघाटसुद्धा आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं.

थोडं माझ्या घरचं पण आहे, ते शेवटी सांगतो.

मानमोडी

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे कोंबड्यांना राणीखेत झाला की जुनी माणसं म्हणतात, "मानमोडी आलीय." कोंबडीची मान वाकडी होते, ती गोल गोल फिरते आणि मरते. आता गंमत बघा. १९१८ साली जगभर फ्लूची महाभयंकर साथ आली, तिलाही महाराष्ट्रात लोक मानमोडीच म्हणायचे. कोंबडीचा आजार आणि माणसाचा आजार, दोन्हींना एकच नाव!

वैज्ञानिकदृष्ट्या राणीखेत हा फ्लू नाही, त्याचा व्हायरस वेगळा आहे. पण दोघांची लक्षणं इतकी सारखी दिसतात की नुसतं शेडमध्ये उभं राहून सांगता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नवापूरमध्ये हाच घोळ महागात पडला.

कोंबड्यांच्या फ्लूची पहिली शास्त्रीय नोंद १८७८ ची. इटलीत एदोआर्दो पेरोंचितो नावाच्या शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की कोंबड्यांमध्ये एक साथ येते आणि अख्खे कळप साफ करून जाते. लोक तिला कोंबड्यांचा प्लेग म्हणायला लागले. १९०१ मध्ये इटलीतच कळलं की या आजाराचं कारण बॅक्टेरियापेक्षाही बारीक आहे, जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून ते आरपार जातं. म्हणजे व्हायरस.

पण हा कोंबड्यांचा प्लेग आणि माणसाचा फ्लू हे सख्खे भाऊ आहेत हे कळायला १९५५ साल उजाडलं. जर्मनीत वेर्नर शेफर यांनी दाखवलं की दोन्ही इन्फ्लुएंझा 'ए' याच घराण्यातले. पेरोंचितोच्या नोंदीनंतर सत्याहत्तर वर्षांनी!

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, माणसांत फ्लूची नवी जागतिक साथ आली. १९६८ मध्ये आणखी एक. पुढे संशोधनात कळलं की दोन्ही साथींच्या व्हायरसमध्ये काही जीन चक्क पक्ष्यांच्या फ्लूमधून आलेले होते. तेव्हा शास्त्रज्ञांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: पक्ष्यांकडे लक्ष ठेवायला हवं.

आठ पानांची वही

आता दोन मिनिटं विज्ञान. कंटाळू नका, एवढं समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

फ्लूच्या व्हायरसची जनुकीय माहिती एका सलग पट्टीत नसते. आठ सुट्या तुकड्यांत असते. समजा आठ सुटी पानं असलेली वही. आता एकाच कोंबडीच्या एकाच पेशीत दोन वेगवेगळे फ्लू एकदम घुसले, तर दोघांची पानं मिसळतात. बाहेर पडणाऱ्या नव्या व्हायरसमध्ये तीन पानं याची, पाच पानं त्याची, असं काहीही होऊ शकतं. पत्ते पिसल्यासारखं. नवीन स्ट्रेन बनायचा हा पहिला रस्ता.

दुसरा रस्ता चुकांचा. हा व्हायरस स्वतःची नक्कल करताना खूप चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते. लाखो नकला, लाखो चुका. बहुतेक चुका वाया जातात, पण एखादी लागू पडते.

नावातले एच आणि एन म्हणजे व्हायरसच्या अंगावरची दोन प्रथिनं. एच पेशीत शिरायला, एन पेशीतून सुटायला. पक्ष्यांमध्ये एचचे सोळा आणि एनचे नऊ प्रकार ठरून गेलेले आहेत, म्हणून एच५एन१, एच७एन९, एच९एन२ अशी नावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे एच प्रथिन आधी एका ठिकाणी कापलं जावं लागतं, तरच ते काम करतं. साध्या फ्लूमध्ये ते कापणारं एंझाइम फक्त पक्ष्याच्या आतड्यात आणि श्वासनलिकेत असतं. त्यामुळे आजार तेवढ्यापुरताच राहतो. रानटी बदकाला तर बहुतेक वेळा काही कळतही नाही. ते पोहतं, उडतं आणि विष्ठेतून व्हायरस पाण्यात सोडत राहतं.

पण एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत ती कापायची जागा बदलू शकते. बदलली की शरीरातल्या जवळपास कुठल्याही अवयवातलं एंझाइम तिथे चालतं. मग मेंदू, हृदय, मूत्रपिंड, सगळीकडे व्हायरस. दोन दिवसांत शेड रिकामी.

बदक उडायला हवं, कोंबडीने उडायची गरज नाही

हा बदल होतो कुठे? माझ्या मते आजच्या भागाचा गाभा इथे आहे.

रानटी बदकाच्या अंगातल्या व्हायरसला बदक जिवंत हवं असतं. बदक मेलं तर पुढच्या तळ्यावर त्याला नेणार कोण? म्हणून हजारो वर्षं बदक आणि व्हायरस एकमेकांना सांभाळून राहिले.

आता तोच व्हायरस एका शेडमध्ये आला. वीस हजार कोंबड्या, सगळ्या एका वयाच्या, एका जातीच्या, खेटून बसलेल्या. इथे कोंबडी मेली तरी व्हायरसचं काही बिघडत नाही, पुढची वीतभर अंतरावरच आहे. जो जास्त वेगाने वाढेल तो जिंकला. जी चूक तळ्यावर व्हायरसला महागात पडली असती, ती शेडमध्ये त्याच्या फायद्याची ठरते.

हे नुसतं डोक्यातलं गणित नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे. अमेरिका, पेनसिल्व्हेनिया, १९८३. एप्रिलमध्ये तिथल्या पोल्ट्रींत एच५एन२ आला. सौम्य होता. थोडी शिंक-खोकला, अंडी थोडी कमी, मरतूक किरकोळ. लोकांनी दुर्लक्ष केलं. सहा महिने तो या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत राहिला. ऑक्टोबरमध्ये तोच व्हायरस खुनी झाला. नंतर तपासलं तर फरक अगदी थोड्या अक्षरांचा निघाला! ही साथ आवरायला सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले.

म्हणजे व्हायरस नव्याने कुठून आला नव्हता. तो तिथेच होता आणि त्याला आपण सहा महिने दिले.

हाँगकाँगचा बाजार

आता चीन. १९९६, ग्वांगडाँग प्रांत. एका फार्मवर हंस मरायला लागले. त्यातून एच५एन१ चा एक व्हायरस वेगळा काढला गेला. शास्त्रज्ञ आज त्याला 'गूस ग्वांगडाँग' म्हणतात. तेव्हा जगाने फारसं लक्ष दिलं नाही. पण आज गोरेवाड्याच्या वाघांपर्यंत पोचलेला एच५एन१ याच घराण्यातला. त्या हंसाची वंशावळ सुमारे तीस वर्षं अखंड चालू आहे.

१९९७ च्या मे महिन्यात हाँगकाँगमध्ये तीन वर्षांचा एक मुलगा साध्या तापाने आजारी पडला आणि दवाखान्यात गेला. काही दिवसांत तो वारला. त्याच्या घशातून फ्लूचा व्हायरस सापडला, पण माणसांच्या नेहमीच्या फ्लूच्या कुठल्याच चाचणीला तो जुळेना. नमुना नेदरलँड्स, लंडन आणि अटलांटाला गेला. ऑगस्टमध्ये कळलं: एच५एन१. पक्ष्यांचा फ्लू थेट माणसाला मारू शकतो, हे तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. आधी वाटलं, प्रयोगशाळेत नमुना खराब झाला असेल. खात्री करायला नेदरलँड्सचा शास्त्रज्ञ विमानाने हाँगकाँगला आला. नमुना स्वच्छ होता.

मग काही महिने शांतता. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकामागून एक रुग्ण. एकूण १८ जण, त्यातले ६ गेले.

उगम सापडला जिवंत कोंबड्यांच्या बाजारात. आपल्याकडच्या चिकनच्या दुकानात पिंजरे असतात ना, तसेच, पण एकावर एक. वर बटेर, मध्ये कोंबड्या, बाजूला बदकं आणि हंस. वरच्याची विष्ठा खालच्यावर. रोज नवा माल येतो, न विकलेला उद्यासाठी राहतो. पत्ते पिसायला याहून चांगली जागा नाही.

हाँगकाँग सरकारने डिसेंबरच्या शेवटी निर्णय घेतला: बेटावरच्या आणि आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. काही दिवसांत सुमारे १५ लाख पक्षी संपवले. तेव्हाच्या आरोग्य संचालक होत्या मार्गारेट चॅन, ज्या पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख झाल्या. त्यावर टीका झाली, पण माणसांतले नवे रुग्ण थांबले, आणि १९९७ मध्ये माणसांना झालेला नेमका तो व्हायरस पुन्हा दिसला नाही.

पण त्याची पूर्वज मंडळी चीनच्या मुख्य भूमीवर तशीच होती, तिथे कुणी काही मारलं नव्हतं. त्यामुळे पत्ते पिसणं चालूच राहिलं.

गप्प बसणारा सावकार

इथे एका पात्राची ओळख करून देतो. एच९एन२. हा कोंबड्यांचा सौम्य फ्लू. अंडी कमी होतात, शिंका येतात, पण शेड रिकामी होत नाही. म्हणून त्याच्याकडे कुणी फार बघत नाही. आशियातल्या पोल्ट्रीत तो घर करून बसलाय, भारतातही.

पण १९९७ च्या हाँगकाँगच्या व्हायरसची आतली पानं तपासली, तेव्हा ती एच९एन२ च्या घराण्याशी जुळली. म्हणजे वरचं एच एकाचं, आतलं इंजिन दुसऱ्याचं. मी याला सावकार म्हणतो. स्वतः चर्चेत नाही, पण प्रत्येक मोठ्या कारभारात भांडवल याचंच.

२०१३ मध्ये पुन्हा तेच झालं. ३१ मार्चला चीनने जाहीर केलं की माणसांना एच७एन९ नावाचा नवाच फ्लू होतोय. सुरुवात शांघाय आणि आसपास. आणि गंमत नाही, भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे कोंबड्या आजारीच पडत नव्हत्या! तोपर्यंत कोंबड्या मेल्या की कळायचं, इथे कोंबडी ठणठणीत आणि विकत घेणारा माणूस आयसीयूमध्ये. या व्हायरसची आतली सहा पानं कुणाची? एच९एन२ ची. सावकाराने पुन्हा कर्ज दिलं होतं.

शहरांनी जिवंत कोंबड्यांचे बाजार बंद केले, तिथे रुग्ण झपाट्याने कमी झाले. पण बाजार परत उघडले आणि व्हायरस परत आला. पाच हिवाळ्यांत १५०० हून जास्त माणसं आजारी आणि ६०० हून जास्त मृत्यू. शेवटी २०१७ मध्ये हा व्हायरस कोंबड्यांसाठीही जीवघेणा झाला, आणि त्या सप्टेंबरपासून चीनने देशभर कोंबड्यांना लस टोचायला सुरुवात केली. त्यानंतर माणसांतले रुग्ण जवळपास थांबले.

मग लस सगळीकडे का नाही देत, असं तुम्ही विचाराल. कारण लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण कधी कधी व्हायरस सोडत राहते. मेक्सिकोत १९९५ पासून एच५एन२ ची लस दिली. खुनी प्रकार गेला, पण सौम्य प्रकार कोंबड्यांत फिरत राहिला आणि बदलत राहिला, इतका की जुनी लस त्याला ओळखेनाशी झाली. लस हवीच, पण सोबत सतत तपासणीही हवी.

नवापूर

आता आपल्याकडे येऊ.

२००३ च्या शेवटी आणि २००४ मध्ये एच५एन१ व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया अशा देशांत पसरला. थायलंड चिकन निर्यात करणारा मोठा देश. तिथे कोंबड्या मरत होत्या आणि सरकार कितीतरी दिवस सांगत होतं की हा कोंबड्यांचा कॉलरा आहे. २३ जानेवारी २००४ ला शेवटी कबूल केलं. त्याच वर्षी थायलंडमधल्या एका व्याघ्र उद्यानात कच्ची कोंबडी खाऊन वाघ आजारी पडले. मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. तेव्हा गोरेवाड्याचं ऐकून 'वाघाला कसा?' वाटलं असेल तर उत्तर वीस वर्षं जुनं आहे. मांजराच्या कुळाला हा व्हायरस मानवतो आणि तो बहुतेक वेळा ताटातूनच येतो.

२००५ च्या उन्हाळ्यात चीनच्या चिंगहाय सरोवरावर हजारो रानटी पक्षी मेले. त्यात पट्टकादंब हंस खूप होते. हा हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात येतो, आपल्या जायकवाडीवरही दिसतो. आजवर कोंबड्यांत तयार झालेला व्हायरस आता उलट दिशेने रानटी पक्ष्यांत गेला होता आणि त्यांना मारत होता. त्यानंतर काही महिन्यांत तो युरोप आणि आफ्रिकेपर्यंत पोचला.

आणि १८ फेब्रुवारी २००६ ला भारताने जाहीर केलं: नवापूर, जिल्हा नंदुरबार.

नवापूर म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं ते स्टेशन, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. आदिवासी बहुल तालुका. तिथे पन्नासेक पोल्ट्री फार्म उभे राहिले होते, बहुतेक अंड्यांचे. जानेवारीच्या शेवटापासून मरतूक वाढली होती. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, राणीखेत आहे. मानमोडी. दरवर्षीचीच. नमुने भोपाळला जाऊन निदान होईपर्यंत दिवस गेले आणि तेवढ्या वेळात मेलेल्या कोंबड्या, अंडी, गाड्या, माणसं, सगळं इकडून तिकडे होत राहिलं.

मग पांढरे सूट घातलेली माणसं आली. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या, अंडी नष्ट केली. शेजारच्या गुजरातमधलं उच्छल, मग मार्चमध्ये जळगाव जिल्हा, मग मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. संशयित माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. एकही माणूस बाधित निघाला नाही, हे मोठंच नशीब.

पण बाजार मेला. रेल्वेच्या जेवणातून चिकन गेलं. नेतेमंडळी कॅमेऱ्यासमोर चिकन खाऊन दाखवत होती, तरी लोकांचा विश्वास बसेना. खरं तर नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा व्हायरस टिकत नाही, ७० अंश सेल्सिअसच्या वर तो मरतो. पण भीतीला अंश सेल्सिअस कळत नाही. अंड्यांचे भाव कोसळले. ज्यांच्या कोंबड्या मारल्या त्यांना नुकसानभरपाई होती, तीही कमी असल्याची त्यांची तक्रार होती. आणि ज्यांच्या कोंबड्या धडधाकट होत्या पण घेणारं कुणी नव्हतं, त्यांना भरपाई कुठली?

दोन वर्षांनी पश्चिम बंगालमध्ये याहून मोठी साथ आली. पस्तीस लाखांहून जास्त पक्षी मारले गेले, आणि त्यातले बरेच परसातले होते. घरच्या चार कोंबड्या म्हणजे बाईमाणसाची बँक असते. कुणी कोंबड्या घरात लपवल्या, कुणी रात्री नातेवाइकांच्या गावी पाठवल्या. चूक त्यांची म्हणायची का? आणि २०२१ मध्ये? परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. तेच नवापूर, पंधरा वर्षांनी.

मेळघाटातलं बाळ

सुरुवातीला म्हटलं होतं, मेळघाटाचं सांगतो.

२०१९ च्या सुरुवातीला मेळघाटात कोरकू समाजातल्या सतरा महिन्यांच्या एका मुलाला ताप, खोकला आणि धाप लागली. तिथे बालमृत्यूंमागच्या श्वसनाच्या आजारांवर एक अभ्यास चालू होता, म्हणून गावागावांत जाऊन मुलांचे नमुने घेतले जात होते. त्याचा नमुना पुण्याला गेला आणि निघालं काय? एच९एन२. आपला सावकार. भारतात माणसात सापडलेला हा त्याचा पहिला रुग्ण. बाळ बरं झालं.

आता विचार करा. तो अभ्यास तिथे नसता तर? मेळघाटातल्या एका बाळाला खोकला झाला आणि बरा झाला, एवढंच. कुणाला कळलंच नसतं. असे किती खोकले न मोजता गेले असतील? नवा स्ट्रेन जन्माला येतो तेव्हा ढोल वाजत नाहीत, तो एखाद्या साध्या खोकल्यासारखाच दिसतो.

पुढे २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा एक मुलगा दिल्लीत एच५एन१ ने वारला, भारतातला तो पहिला मृत्यू. २००३ पासून जगभरात या व्हायरसचे नऊशेहून जास्त मानवी रुग्ण नोंदले गेलेत आणि त्यातले जवळपास निम्मे दगावलेत. माणसाकडून माणसाकडे तो अजून सहज पसरत नाही. हे 'अजून' महत्त्वाचं.

गायींपर्यंत

शेवटचा टप्पा पटकन सांगतो. २०२० च्या आसपास त्या ग्वांगडाँगच्या हंसाच्या वंशात एक नवी फांदी जोरात वाढली. तिचं नाव २.३.४.४बी, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. ही फांदी रानटी पक्ष्यांत पक्की बसली. २०२१ च्या शेवटी ती अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत गेली, २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत, तिथे समुद्रसिंह हजारोंनी मेले. आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत जाहीर झालं की दुभत्या गायींना एच५एन१ झालाय. गायीला! दुधात व्हायरस! अमेरिकेत २०२२ पासून पंधरा कोटींहून जास्त कोंबड्या-टर्की या साथीत गेल्या आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथे अंड्यांच्या भावाने विक्रम केला.

म्हणजे आता 'सगळा दोष शेडचा' किंवा 'सगळा दोष रानटी पक्ष्यांचा' असं म्हणता येत नाही. बदकाने कच्चा माल दिला, शेडने आणि बाजाराने त्याला धार लावली, आणि धार लावलेलं हत्यार परत बदकाच्या हाती गेलं. आता ते तळ्यावर उतरतं आणि पुन्हा शेडमध्ये येतं. हे चक्र आहे, आणि त्यातला आपल्या हातातला भाग एकच: शेड आणि बाजार.

मामाच्या साठ कोंबड्या

आता घरचं.

२००६ मध्ये मी सातवीत होतो. माझ्या मामाची धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात तीन हजार ब्रॉयलरची शेड होती. साक्री आणि नवापूर शेजारचे तालुके. मामाच्या कोंबड्या काही मारल्या गेल्या नाहीत, त्या भागात साथच नव्हती. पण घेणारं कुणी येईना. खाद्याचं बिल रोज चढत होतं. शेवटी मिळेल त्या भावात बॅच काढली, आणि तिचा हिशेब मामाने कधी कुणाला सांगितला नाही. त्या शेडची पुढे कांद्याची चाळ झाली, आजही आहे.

हा भाग बनवताना मी मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, नवापूरच्या आधी तुमच्याकडे काही झालं होतं का रे?" थोडा वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "डिसेंबरात साठेक पक्षी मेले होते. रात्री खड्डा केला आन् पुरले."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कोणाले सांगू? डॉक्टरले सांगितलं असतं तर गावात बोंब झाली असती, मग माझा माल कोण घेतो? मानमोडी असंल म्हटलं, झालं."

बहुतेक मानमोडीच असेल. नंतर बॅच धड राहिली, त्यामुळे बर्ड फ्लू नव्हताच. पण त्या रात्री त्याला ते माहीत नव्हतं. आणि मला कळलं की आज मी तुम्हाला सांगितलेला सगळा इतिहास या एका खड्ड्यापाशी येऊन थांबतो. पेनसिल्व्हेनियात सहा महिने दुर्लक्ष झालं. थायलंडच्या सरकारने कॉलरा म्हटलं. नवापूरला मानमोडी म्हटलं. बंगालमध्ये कोंबड्या लपवल्या. मामाने खड्डा केला. प्रत्येक वेळी व्हायरसला वेळ मिळाला, कारण ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याला बोलणं परवडत नव्हतं.

आपण भरपाई मेलेल्या कोंबड्यांची देतो. खरी किंमत मोजायला हवी ती पहिल्या फोनची. ज्याने साठ कोंबड्या मेल्यावर पशुवैद्यकाला फोन केला, त्याचं नुकसान होणार नाही, त्याचं नाव गावभर होणार नाही, आणि नमुना मानमोडीचा निघाला तरी त्याला कुणी हसणार नाही, एवढी खात्री द्यायला हवी. लसी येतायत, आपल्या भोपाळच्या संस्थेने एच९एन२ वर लस तयार केलीय, प्रयोगशाळा वाढल्यात. पण प्रयोगशाळेपर्यंत नमुना पोचायला आधी कुणीतरी फोन उचलावा लागतो.

तर श्रोता मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नवा स्ट्रेन कुणी बनवत नाही. आपण त्याला जागा देतो आणि वेळ देतो. जागा लगेच कमी होणार नाही, कारण आपल्या सगळ्यांना अंडी आणि चिकन हवंय, मला पण हवंय. वेळ मात्र कमी करता येतो.

तुमच्या घरी, गावात कुणाची पोल्ट्री असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि विचारा त्यांना, मरतूक लागली तर पहिला फोन कुणाला करता? काय उत्तर मिळतं ते मला नक्की कळवा. चिकन बिनधास्त खा, फक्त नीट शिजवून. आणि शेतात किंवा तळ्याकाठी मेलेला कावळा-बगळा दिसला तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.

मामाला विचारून हे सगळं सांगितलंय. तो म्हणाला, "सांग, आता काय, आता कांदे आहेत."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या मंडळी.